आक्कांच्या न चाललेल्या सकाळी

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. नाव शालूबाई, पण घरात आणि गल्लीत सगळी आक्काच म्हणतात. आमचे थोरले भाऊजी आकाराम वारले तेव्हा आक्का एकोणतीस वर्षांच्या होत्या. पदरी मूल नव्हतं. सासऱ्यांनी सांगितलं, माहेरी जायचं असेल तर जा, इथं राहायचं असेल तर राहा, भाकरीला कुणी नाही म्हणणार नाही. आक्का राहिल्या. पण फुकटची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरेना. मागच्या बोळात चिमणाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या, दागिने गाठून द्यायच्या. आक्का त्यांच्याकडं जाऊन बसायला लागल्या आणि वर्षभरात काम शिकल्या.

दागिने गाठणं म्हणजे काय, ते सांगते. सोनार सोनं घडवतो, पण सुट्टी पानं आणि मणी रेशमी दोऱ्यात ओवून, गाठी मारून, गळ्यात घालण्याजोगा डाग करायचा तो पटवेकऱ्यानं. आक्कांची ख्याती होती साजाची. साजाला एकवीस पानं. मासा, कासव, शंख, चंद्र, बेलपान, नाग, भुंगा अशी एकेक, दोन पानांच्या मधे मणी, आणि कुणाशेजारी कोण बसायचं ते ठरलेलं. कोल्हापूरच्या सराफांच्या गुजरीतल्या जिनेंद्रशेठच्या पेढीचा एक क्रम होता, तो आक्कांना तोंडपाठ. कागद बघून गाठणाऱ्याला त्या हसायच्या. म्हणायच्या, "लेकरं मोजायला कागद लागतो व्हय?"

हे काम बसून करायचं. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, पाय लांब सोडायचा, दोरा ताणून धरायचा आणि मान खाली घालून गाठी मारत राहायचं. सकाळी आठला बसल्या की जेवायला उठायच्या, चहाला उठायच्या, आणि दिवे लागल्यावर देवापुढं हात जोडायला उठायच्या. पंचवीस वर्षं अशी गेली.

आक्का मूळच्या चंदगडच्या. लहानपणी डोक्यावर इरलं घेऊन, पावसात डोंगर उतरून शाळेला जायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा काठीसारख्या होत्या, असं सासूबाई सांगायच्या. मी घरात आले तेव्हा त्या अंगानं भरल्या होत्या. आमच्याकडं बाई भरली की म्हणतात, सासर मानवलं. आक्कांनाही तसंच म्हणायचे सगळे. त्यात आमच्या घरात दुभतं कायम. रात्रीची दुधाची वाटी, भाकरीवर लोण्याचा गोळा. बसून काम करणाऱ्याला ताकद पाहिजे, असं म्हणून मीच वाढायची. चोपन्नाव्या वर्षी आक्कांचं वजन एक्क्याण्णव किलो होतं आणि उंची माझ्या खांद्याएवढी. पोट आडवं यायला लागल्यावर अंगठ्यापर्यंत हात पोचेना. मग त्यांनी दोरा खिडकीच्या गजाला बांधायला सुरुवात केली. त्याचंसुद्धा आम्ही हसूनच घेतलं.

दीड वर्षापूर्वी श्रावणात एक साज परत आला. कोडोलीच्या एका घरात सुनेला घातलेला. तिथल्या आजेसासूनं हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, यात चंद्र दोन आहेत की, शंख कुठाय? जिनेंद्रशेठ स्वतः घरी आले. ओरडले नाहीत. पान सोनारानंच चुकीचं दिलं असेल म्हणाले. पण शंख आक्कांच्या डबीत निघाला. आक्का डबी हातात धरून बसल्या.

नंतर मला म्हणाल्या, "आईचं असंच सुरू झालं हुतं." त्यांची आई शेवटी शेवटी लेकीलाच विचारायची, पावणं कुठनं आलासा म्हणून. आक्का तेव्हा माहेराहून परत आल्या होत्या त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मला ते आठवलं. मी म्हटलं, काहीतरी बोलू नका, एखादं पान चुकतं माणसाचं. पण त्या दिवसापासून आक्का उशाखाली कागद ठेवायला लागल्या. त्यावर एकवीस नावं लिहिलेली. ज्या कागदाला त्या हसायच्या, तोच.

डॉक्टर पूर्णिमा आमच्या घरी आल्या त्या मंगळसूत्र गाठवून घ्यायला. तरुण बाई. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की, त्या मेंदूचा अभ्यास करतात, आणि वजन जास्त असलेल्या पंचेचाळीस ते साठ वयाच्या माणसांवर एक पाहणी चालू करणार आहेत. सहा महिने नेमानं व्यायाम केला, तर मेंदूत काही फरक पडतो का, हे बघायचं. आधी एकदा मेंदूचे फोटो काढणार, नंतर एकदा.

आक्कांनी हातातलं काम थांबवलं. विचारलं, वजनाचा आणि डोस्क्याचा काय संबंध?

डॉक्टरांनी नीट समजावलं. म्हणाल्या, मेंदूचे वेगवेगळे भाग असतात, ते सारखे एकमेकांशी बोलत असतात. एकानं आठवायचं, दुसऱ्यानं लक्ष द्यायचं, तिसऱ्यानं हाताला सांगायचं. वजन वाढलं, हालचाल थांबली, की काहींच्यात हे बोलणं ढिलं पडतं असं दिसलंय. व्यायामानं ते परत घट्ट होतं का, कितपत होतं, याची खात्री अजून नाही. म्हणूनच बघायचं.

"म्हंजे आमच्या घरागत," आक्का म्हणाल्या. "सगळी एका छपराखाली, पण बोलत कोण कुणाशी न्हाय."

डॉक्टर खूप हसल्या. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, माझं नाव घेतासा काय?

दसऱ्याच्या आधी पहिली तपासणी झाली. मी बरोबर गेले होते. पंधरा शब्द वाचून दाखवले आणि अर्ध्या तासानं परत विचारले. आक्कांना सहा आठवले. कागदावर एक, मग अ, मग दोन, मग आ, असे ठिपके जोडायचे होते, त्यात त्या दोनदा अडकल्या. मग मशिनीत जायचं. अंगावर धातू चालत नाही म्हणून गळ्यातला अंबाबाईचा चांदीचा टाक काढून त्यांनी माझ्या मुठीत दिला. तिथल्या माणसानं सांगितलं, झोपायचं नाही, हलायचं नाही, काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं. बाहेर आल्यावर आक्का म्हणाल्या, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला नुसतं पडून राहा म्हणालं, आणि तिथंबी किती आवाज!

कोण चालणार आणि कोण जसं आहे तसं राहणार, हे संगणकानं ठरवलं. आक्का चालणाऱ्यांत आल्या. आठवड्याला पाच दिवस, पाऊण तास, आणि वेग असा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. पावलं मोजायची घड्याळं सगळ्यांना पुरली नव्हती, आक्कांच्या वाट्याला वही आली. रोजचा एक चौकोन. चालून आलं की बरोबरची खूण करायची. शनिवारी डॉक्टरांकडची मुलगी फोन करून विचारणार. आक्का चौथी शिकलेल्या, त्यात चष्म्याचा नंबर वाढलेला. त्या म्हणाल्या, "वही तुझ्यापाशी ठेव अरुणा. तुझं अक्षर चांगलंय." मला बरं वाटलं.

आक्कांसाठी पांढरे बूट आणले. लुगड्याखाली बूट बघून गल्लीतली पोरं तोंड दाबून हसली. समोरच्या बाईनं विचारलं, काय आक्का, पोलिसात भरती हुतासा काय? आक्का म्हणाल्या, व्हय, पहिली तुलाच आत टाकते. आणि गेल्या रंकाळा तलावाकडं.

पहिले आठ दिवस मी बरोबर गेले. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी बसल्या. घाम, धाप, गुडघे. आठव्या दिवशी एकदाच बसल्या. मग मला म्हणाल्या, तू नगं येऊस, तू लई बोलतीस. एकट्या जायला लागल्या. महिन्यानं वजन केलं तर दीड किलो वाढलेलं. डॉक्टर चक्रावल्या. खोदून विचारल्यावर निघालं की येताना आक्का वाकडी वाट करून गंगावेशीतल्या कट्ट्यावर थांबायच्या आणि म्हशीचं धारोष्ण दूध प्यायच्या, मोठा ग्लास. व्यायाम केला की दूध प्यायचं, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. तालमीतली पोरं पितात, मग मी का नको, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी हात जोडले. दूध बंद झालं.

कार्तिकात फरक दिसायला लागला. तो मी डोळ्यांनी बघितला, म्हणून सांगते. आक्का सकाळी चालून आल्या की त्यांचा चेहरा वेगळाच असायचा, धुतल्यासारखा. एक दिवस बघते तर खिडकीचा गज मोकळा. आक्कांनी दोरा अंगठ्यात अडकवला होता. पोचला होता हात. मला हाक मारून दाखवलं नाही, मीच पाहिलं. त्यानंतर चारेक दिवसांनी त्यांनी एक अख्खा साज कागद न बघता गाठला. गाठून झाल्यावर कागदाशी ताडून बघितला. एकवीसच्या एकवीस पानं जागच्या जागी. मग मात्र मला बोलावलं.

म्हणाल्या, "चालताना मी ती म्हणत जाते. मासा, कासव, शंख. पैल्यांदा वाटंत सांडायची. आता सांडत न्हाईत."

हे सगळं चालण्यानं झालं का, डॉक्टर म्हणतील की एवढ्यावरून सांगता येत नाही. पण आक्कांना वाटत होतं की झालं. भीती गेली होती त्यांची. आईच्या वाटेनं जात होते, तिथनं मागं वळले, असं त्यांनी मला एकदा सांगितलं.

मार्गशीर्षात माझ्या संयोगिताचं लग्न ठरलं. मुलगा विश्वजित, वारणानगरला नोकरीला. तारीख माघातली. आणि मी हरवून गेले. एकुलती एक मुलगी. तिचा साज आक्कांनीच गाठायचा हे तर ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. तो गाठलाही त्यांनी, तेव्हा डोकं ठिकाणावर होतं. पण लग्नाचं काम काय साजावर थांबतं? लग्नसराईची पेढीची कामं होतीच. शिवाय रुखवत, पापड, करंज्या, आहेराच्या साड्या, पाहुणे. आणि काम करायला माणूस सकाळीच लागतं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आक्का, आज राहू दे की. उद्या जावा." त्या बूट घालून पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी बूट काढले आणि डाळ निवडायला बसल्या.

मग ते रोजचं झालं. आज हळद कुटायची, आज सोनाराकडं जायचं, आज मुलाकडची माणसं यायची. कधी कधी त्या विचारायच्या, जाऊन येऊ काय, तासात येते. मी म्हणायची, तासात डोंगर उभा राहील इथं. मी मोठ्यानं बोलत नव्हते. हसून, लाडानं बोलत होते. त्यामुळंच त्यांना नाही म्हणता आलं नाही, हे आता कळतं.

त्या गडबडीतल्या पहिल्या शनिवारी फोन आला. मुलीनं विचारलं, किती दिवस चालल्या? दोनच दिवस झाले होते. माझ्या तोंडातून आपसूक गेलं, पाचही. आमच्या घरचं माणूस मागं पडलं असं परक्याला कसं सांगायचं, एवढंच मनात होतं. फोन ठेवला आणि वहीत तीन खुणा केल्या. वही आणि फोन जुळायला नकोत का? पुढच्या शनिवारी फोनच्या आधीच खुणा करून ठेवल्या. सगळ्या चौकोनांत खुणा केल्या तर खोटं वाटेल म्हणून अधूनमधून एखादा रिकामा सोडायची. इतकी अक्कल मी त्यात घातली. तोच वेळ आक्कांना दिला असता तर!

मी देवाधर्माची बाई आहे. शुक्रवारी अंबाबाईला गेल्याशिवाय पाणी पीत नाही. त्या शुक्रवारांनाही गेले, ओटी भरली, लेकीचं चांगलं कर म्हणून मागणं मागितलं. वहीतल्या खुणा मनात आल्याच नाहीत.

लग्न झालं. मला वाटलं होतं लग्नानंतर परत सुरू करू. पण लग्नाचा शीण, मग पाहुणे, मग संयोगिताचं माहेरपण. फाल्गुनात आक्का दोन-चार वेळा गेल्या असतील. दोरा परत खिडकीच्या गजाला गेला. आणि त्या एकच गोष्ट दोनदा विचारायला लागल्या. मी म्हणायची, थकल्यात.

चैत्र लागता लागता दुसरी तपासणी झाली. आठवड्यानं डॉक्टरांनी आम्हां दोघींना बोलावलं. आक्कांनी जायच्या दिवशी नवं लुगडं नेसलं. पोरीच्या निकालाला जावं तशा निघाल्या.

डॉक्टरांनी आधी आणि नंतर असे दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं. म्हणाल्या, चालणाऱ्या काहीजणांच्यात थोडाथोडा फरक दिसतोय, अजून सगळं तपासायचंय. पण शालूताईंच्यात तसं काही दिसत नाही. शब्द पाच आठवले, आधी सहा आठवले होते. वजनही दोन किलो वाढलंय. मग त्यांनी वही उघडली. एकशे तीस दिवसांपैकी एकशे अठरा खुणा. म्हणाल्या, "इतक्या नेमानं आमच्याकडं फार थोडी माणसं चाललीत. तुम्ही कुठं कमी पडला नाहीत. एखाद्याच्या शरीराला नाही होत उपयोग. त्यात तुमचा दोष नाही."

आक्कांनी वही हातात घेतली. चष्मा वर सरकवून एकेक पान बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील की, अगं, मी कुठं एवढी चालले? मी मान खाली घातली.

त्या म्हणाल्या, "एवढी चालले व्हय मी?"

आणि माझ्याकडं बघितलं. खरंच विचारत होत्या. त्यांना आठवत नव्हतं. लग्नाच्या गडबडीतला कुठला दिवस कसा गेला हे त्यांना नीट आठवत नव्हतं, आणि माझं अक्षर चांगलं होतं. वहीवर त्यांनी विश्वास ठेवला.

मी म्हटलं, "व्हय आक्का."

आम्ही रिक्षानं परत निघालो. रंकाळ्याच्या कडेनं आलो तर आक्कांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "एवढं चालून न्हाय झालं, म्हंजे आता हुईत न्हाय. माझी वाट लिवलेलीच हाय." दुसऱ्या दिवशी बूट धुऊन, वाळवून, भांडी घासायला येणाऱ्या बाईला देऊन टाकले.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. बूट वाळत होते तोपर्यंत तरी. मी रोज ठरवायची, आज सांगायचं. मग वाटायचं, सांगून आता काय उपयोग, उगीच त्यांना त्रास. खरं तर मला त्रास नको होता. संयोगिताच्या लग्नापायी आक्कांच्या सकाळी गेल्या, हे माझ्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आक्का चालायचं नाव काढेनात. घरात चालणंसुद्धा कमी केलं. जिनेंद्रशेठ आधी साज पाठवायचे बंद झाले. नुसती मंगळसूत्रं पाठवायचे, दोन वाट्या आणि काळे मणी. भाद्रपदात एका मंगळसूत्राला एकच वाटी घालून आक्कांनी गाठ मारली. शेठ स्वतः आले, चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली, आणि जाताना माझ्याशी बाहेर बोलले. मालाची पुडकी परत घेऊन गेले. आक्का आतून विचारत होत्या, शेठ गेले व्हय, आणि माल?

नवरात्रात घरी घट बसले. रोज सकाळी माळ चढवायची, आरती करायची. तिसऱ्या माळेला आरती म्हणताना मी अर्ध्यातच थांबले. आमचे हे म्हणाले, घसा बसला असेल. मी तशीच उठले आणि देवळात गेले. अंबाबाईपुढं उभी राहून सगळं सांगितलं. गर्दीत पुजारी पुढं व्हा, पुढं व्हा म्हणत होता. देवीला सांगणं सोपं असतं, ती उलटा प्रश्न करत नाही. बाहेर आले तर जसं होतं तसंच होतं सगळं. मग कळलं, सांगायचं कुणाला ते.

देवळाच्या बाहेरूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, माझी आकडेमोड मी नीट करून घेईन, ते माझं मी बघते. मी विचारलं, चालल्या असत्या तर बऱ्या झाल्या असत्या का हो? मला वाटलं, नाही म्हणतील, तर बरं होईल.

त्या म्हणाल्या, "अरुणाताई, ते आता मला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही आणि कुणालाच नाही. तेवढंच तर बघायचं होतं आपल्याला." आणि मग म्हणाल्या, त्यांना सांगा. आज सांगा. चालायला आजही कुणी नको म्हटलेलं नाही.

घरी आले. आक्का खिडकीत बसल्या होत्या, हात मांडीवर रिकामे. मी खाली जमिनीवर बसले आणि सांगितलं. लग्नाचं, फोनचं, खुणांचं. सगळं दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना नीट कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं.

"म्हंजे मी चालले न्हाय?" त्यांनी विचारलं.

"दोन महिनं चाललासा. पुढं मी जाऊ दिलं न्हाय."

"आन् तू खुणा केल्यास."

"व्हय."

आक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं रडतील, नाहीतर हात उगारतील. उगारला असता तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "खुणाच करायच्या हुत्या, तर माझ्या वाटचं तू तरी चालायचंस. कुणाच्या तरी अंगी लागलं असतं."

हसायचं की काय, मला कळेना. त्यांनीच पुढं विचारलं, "म्हंजे चालून मला गुण येत न्हाय, असं न्हाय?"

"कुणालाच ठाऊक न्हाय, आक्का."

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, माझे बूट कुठं हाईत? मी सांगितलं, तुम्ही देऊन टाकलेत. म्हणाल्या, मी? कशाला? नवे आणायला लागले.

याला आता तीन महिने झाले. आम्ही दोघी जातो. पूर्वी आक्का जिथपर्यंत एका दमात जायच्या, त्याच्या निम्म्यातच आता बाकडं शोधतात. एकट्या सोडता येत नाही, वाट चुकतात. पानांची नावं म्हणायचा मी प्रयत्न करून बघितला. त्या मासा म्हणतात, कासव म्हणतात आणि पुढं माझ्या तोंडाकडं बघतात. डॉक्टर पूर्णिमा अधूनमधून येऊन बघून जातात. त्या आशा लावत नाहीत आणि तोडतही नाहीत. चालत राहा म्हणतात. वही आता घरात नाही, मी ठेवतच नाही.

रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की आक्का मला एकच प्रश्न विचारतात. परवा माझी कंबर धरली होती, सकाळी उठताच आलं नाही. दिवसभर घरातच होतो दोघी. दिवा लावला, हात जोडले, आणि त्यांनी विचारलं, "अरुणा, आज आपण चाललो न्हवं?"

तोंड असं प्रसन्न होतं. व्हय म्हटलं असतं तर तसंच राहिलं असतं, आणि सकाळपर्यंत त्यांना आठवलंही नसतं.

"न्हाय आक्का," मी म्हटलं. "आज न्हाय चाललो."

त्यांचं तोंड उतरलं. मी बघत राहिले.